तिसरं कडवं घरचं

२ मार्च १९९६, शनिवार

ही डायरी दूध सोसायटीची. दरवर्षी फुकट मिळते, आणि दरवर्षी मी तिच्यात गाई कधी व्यायल्या आणि पाऊस कधी थांबला एवढंच लिहितो. यंदा जरा जास्त लिहावं लागणार असं दिसतंय, कारण घरात कुठेतरी पाणी मुरतंय.

ऊनाने वासरांचा जुना गोठा मागितला आणि मी हो म्हणून बसलो. "सरावाला जागा हवी, बाबा," एवढंच म्हणाली. पोरगी बासरी वाजवते, मीही वाजवतो, आणि माझे वडील बॅट टाल्टी यांना तर अख्खा पश्चिम क्लेअर परगणा बासरीसाठी ओळखायचा. मला वाटलं, बासरीचा सराव. आज दुपारी अंगणात एक व्हॅन आली आणि तिच्यातून दोन पोरं उतरली, दोघंही मयताला निघाल्यासारखी काळ्या कपड्यांत. रूअरी गिटार वाजवतो. त्याचे केस माझ्या बायकोच्या, ब्रीडाच्या, केसांहून लांब आणि खरं सांगायचं तर जास्त निगा राखलेले. बेनी ड्रम वाजवतो. तो क्विल्टी गावचा, आणि समोर बघून बोलत नाही. दोघांनी मिळून कपाटाएवढे स्पीकर आत नेले.

"हे कशाला?" मी विचारलं.

"हेवी मेटल, काका," रूअरी म्हणाला. "मेटल आणि आपल्या चाली, एकत्र."

"एकत्र म्हणजे कसं?"

"ऐकाल तेव्हा कळेल."

सरळ विचारलेलं जो सरळ सांगत नाही, त्याच्याकडे लपवण्यासारखं काहीतरी असतं.

५ मार्च

ऐकलं. न ऐकून जातो कुठे? त्यांचा गोठा आणि माझी दूध काढायची खोली यांच्यात एकच भिंत आहे.

आधी जमिनीतून गुरगुर सुरू झाली. मग बेनीने ड्रमवर असा काही हल्ला चढवला की पॉलीने, आमच्या सगळ्यात शहाण्या गाईने, बादली लाथेने उडवली. मग रूअरी ओरडला. गातो म्हणे. घशात माशाचा काटा अडकलेला माणूस याहून गोड ओरडेल. आणि त्या सगळ्याच्या वरून ऊनाची बासरी आली, तीही मीच शिकवलेली नाचाची चाल घेऊन. चाल बरोबर होती, एक सूर इकडचा तिकडे नाही, ते मी लपवत नाही. पण एखाद्या आजीला मोटारसायकलवर मागे बसवून भरधाव न्यावं तशी ती चालली होती. आजी मजेत होती, याचाच मला जास्त राग आला.

नंतर ब्रीडाने तिघांना चहाला आत बोलावलं. पाव आणि हॅम दिलं, जाम दिला, वर केकही कापला. मी रूअरीला विचारलं, "तारा इतक्या सैल का सोडतोस? वाजवायच्या आहेत की कपडे वाळत घालायचेत?"

"वर ऊनाची बासरी मोकळी राहावी म्हणून, काका. आम्ही खालून एकच सूर धरून गुणगुणत बसतो."

"हे तुला सुचलं कुठून?"

"तुमच्या गोठ्यातूनच," ऊना म्हणाली, आणि तिघंही हसली. ब्रीडासुद्धा. हसण्यासारखं काय होतं ते मला कुणी सांगितलं नाही.

११ मार्च

चोरी झाली आहे.

आमच्या घराण्याची एक चाल आहे, 'भरतीआधी'. माझ्या आजोबांनी बांधलेली. तिची तीन कडवी. पहिली दोन सगळ्या मुलखाला येतात. तिसरं मात्र आमच्याकडे दोन तऱ्हेचं आहे, एक बाहेरचं आणि एक घरचं. लग्नात, पबमध्ये, स्पर्धेत बाहेरचं वाजवायचं. वाईट नाही ते, लोक वाहवा करतात, पण ते भुरट्यांसाठी ठेवलेलं आहे. खरं कडवं फक्त घरात वाजवायचं, आणि प्रत्येक पिढीने ते एकालाच द्यायचं. वडिलांनी मला दिलं. मी ते थोरला म्हणून ब्रेंडनला दिलं, तो बॉस्टनला जायच्या आधी. ऊनाला मी बाहेरचंच शिकवलं. तिसरं कडवं दोन तऱ्हेचं आहे हेसुद्धा तिला ठाऊक नाही.

आणि आज संध्याकाळी भिंतीपलीकडून, त्या गुरगुरीच्या वर, तिच्या बासरीवर घरचं कडवं आलं. मी बादली घेऊन तसाच उभा राहिलो.

एक गोष्ट चमत्कारिक. कडव्याच्या मध्येच ती थांबते. दोन मात्रांची मोकळी फट, तिच्यात बेनी धाडकन एक ठोका हाणतो आणि मग चाल पुढे जाते. आमच्या कडव्यात असली फट नाही, कधीच नव्हती. म्हणजे ज्याने ते ढापलं त्याने घाईत ढापलं आणि मधला तुकडा त्याच्या हातून निसटला.

१२ मार्च

ब्रीडाला सरळ विचारलं, "घरचं कडवं तू ऊनाला दिलंस का?"

"मी?" ती बटाटे सोलत होती. "मला सूर कळत असता, सेनन, तर तुझी बासरी ऐकून तुझ्याशी लग्न केलं असतं का?"

"थट्टा नकोय. या घरात ते मी सोडून तूच ऐकलं आहेस."

"मीच? बरं," ती म्हणाली आणि हसत बसली. मग म्हणाली, "पॉलीला विचारून बघ." एवढ्या मोठ्या गोष्टीवर बाई गाईचे विनोद करते, तेव्हा तिला काहीतरी ठाऊक असतं.

१७ मार्च

संत पॅट्रिकची मिरवणूक. ट्रॅक्टर, शाळेची पोरं, बोचरा वारा. मग पबमध्ये आम्ही नेहमीचे वाजवणारे जमलो. मी 'भरतीआधी' घेतली, अर्थात बाहेरच्या कडव्याने. जॉन्जो कीन माझ्या शेजारी फिडल, म्हणजे व्हायोलिनच, घेऊन बसला होता. जॉन्जो म्हणजे आमच्या कुंपणापलीकडचा शेजारी. चाली गोळा करायचं त्याला वेड आहे, आणि आमच्यावर त्याचा डोळा तरुणपणापासूनचा. तिसरं कडवं आलं तशी त्याने फिडल खाली ठेवली आणि माझ्याकडे बघून मिशीत हसला.

"का रे थांबलास?" मी विचारलं.

"हे कडवं मला फारसं आवडत नाही," तो म्हणाला. मग ग्लास उचलून, "हल्ली पहाटे मोठ्या खुशीत असतोस, सेनन. वारा आमच्याकडचा असला की ऐकू येतं."

मी पहाटे खुशीत? पहाटे मी गाईंची आचळं पुसत असतो. पोरांचा गोंगाट त्याच्या घरापर्यंत पोचतो, हे त्याला टोचून सांगायचं असणार. पण पोरं पहाटे कुठे वाजवतात? ती दुपारपर्यंत झोपलेली असतात. तो काहीतरी वेगळंच सुचवत होता. 'हे कडवं आवडत नाही' याचा अर्थ त्याला दुसरं माहीत आहे, असाच होतो ना?

२४ मार्च

चर्चमधला मास आटोपून बॉस्टनला फोन लावला. आधी हवापाणी, आईची तब्येत, त्याच्या पोरांची शाळा. मग मी विचारलं, "ब्रेंडन, खरं सांग. ते कडवं तू बहिणीला दिलंस का?"

"कुठलं कडवं?"

"'भरतीआधी'चं. घरचं."

तो म्हणाला, "बाबा, शप्पथ सांगतो, मला ती चाल आठवतच नाही. बासरी तळघरात कुठेतरी आहे. छपरांच्या कामावरून घरी आलो की बूट काढायचंही त्राण नसतं हो."

आधी वाटलं खोटं बोलतोय. म्हणून म्हटलं, गुणगुणून दाखव. त्याने बिचाऱ्याने प्रयत्न केला. घरचं सोडा, त्याला बाहेरचंही आलं नाही. पहिल्या कडव्यातच तो भलत्याच एका चालीत शिरला आणि मग ओशाळून हसला. "सॉरी हं, बाबा."

मी त्याला रागावलो नाही. फोन ठेवला आणि गोठ्यात जाऊन बसलो. एकालाच द्यायचं म्हणून ते मी त्याला दिलं होतं, आणि त्याने ते सांडलं. फार वाईट वाटलं. म्हणजे माझ्यानंतर ते फक्त चोराकडे उरणार.

९ एप्रिल

ऊना एकटी सापडली. गोठ्याच्या दारात बसून लाकडी बासरीला तेल लावत होती. मी विचारलं, "ते तिसरं कडवं कुठून आणलंस?"

"कुठलं?"

"फटीचं."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि चक्क लाजली. "आम्ही ते नीट वाजवतो ना, बाबा? फटीसकट? बेनी म्हणतो, तीच सगळ्यात भारी जागा आहे."

"मी विचारतोय, ते तुला दिलं कुणी?"

"तुम्ही थट्टा करताय."

"मी थट्टा करत नाही. कुणी दिलं?"

तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. "मला वाटलं, तुम्हीच…" आणि तेलाची बाटली बंद करून आत निघून गेली.

मीच काय? मीच दिलं म्हणायचं होतं तिला? माझ्यावरच ढकलायचं? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. तिला कुणी शिकवलं ते ती सांगत नाही, याचा अर्थ ती कुणाला तरी पाठीशी घालते आहे.

१४ एप्रिल

सगळे धागे बेनीकडे जातात. आज कळलं की त्याचे आजोबा क्विल्टीचे नावाजलेले नाचणारे होते, बुटांना लोखंडी नाल ठोकून फरशीवर ठेका धरायचे. बेनी पायाने जो दणदणाट करतो तो तिकडूनच उचललेला आहे, तो स्वतःच म्हणाला. नाचणारे म्हणजे वाजवणाऱ्यांच्या पायाशी बसणारे. त्या आजोबांनी माझ्या वडिलांना कुठेतरी बेसावध गाठलं असणार.

मी गोठ्यात गेलो आणि सांगितलं, सामान उचला.

"काका, आमचं काय चुकलं?" बेनीने पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघितलं.

"माझ्या छपराखाली चोरांना जागा नाही."

"आम्ही काय चोरलं?" रूअरी पुढे आला. "चोरण्यासारखं इथे आहे काय? शेण?"

ऊनाने त्याचा दंड धरला. मग मला म्हणाली, आवाज न चढवता, "बाबा, चोर मी का ते?"

मी म्हणालो, "जो घेतो तो चोर."

"ठीक आहे." ती वायर गुंडाळायला लागली. "तुम्हाला ते माझ्याकडे नको असेल तर नको."

ती त्यांच्याबरोबर एनिसला गेली. तिथे एका मैत्रिणीकडे राहणार आहे. व्हॅन गेल्यावर अंगण एकदम रिकामं वाटलं, ते मला हवंच होतं.

२० एप्रिल

ब्रीडा बोलत नाही. जेवायला बटाटे आणि कोबी देते. लोणी देत नाही. एका गाईला गोऱ्हा झाला.

३ मे

आज सोसायटीच्या दुकानात जॉन्जो भेटला. म्हणाला, "पोरं गेली तरी तुझ्याकडची चाल काही थांबली नाही, सेनन. आज पहाटेही स्पष्ट ऐकली. ते चांगलं कडवं. फटीचं."

मी काही दाखवलं नाही आणि सरळ घरी आलो. चोर अजून येतो! पहाटे येतो, मी भिंतीच्या अलीकडे असताना. दूध काढायचा पंप सुरू असला की मला दुसरं काही ऐकू येत नाही, आणि नेमकी तीच वेळ साधून तो पलीकडे उभा राहून वाजवतो. माझीच जागा, माझीच चाल, आणि मला वाकुल्या. जॉन्जो स्वतःच तर नसेल? नाही, मग तो मला कशाला सांगेल? की म्हणूनच सांगतोय?

ऊनाचा छोटा टेपरेकॉर्डर घरीच राहिला आहे. उद्या पहाटे तो पलीकडच्या गोठ्यात लपवणार.

४ मे

चोर सापडला! दूध काढून झाल्यावर गोठ्यातच उभ्या उभ्या टेपचा सुरुवातीचा तुकडा ऐकला. पंपाची घरघर, आणि तिच्यावर कुणीतरी शिट्टी वाजवतोय. बासरी नाही, तोंडाची शिट्टी! पुरुष आहे, वयाने बराच. सुरेल आहे हे कबूल करायला हवं. माझ्या वडिलांची लकब त्याने सही सही उचलली आहे, तो सूर घेताना खालून येणं, तो शेवटचा झोका. 'भरतीआधी', पहिलं कडवं, दुसरं कडवं. इथेच टेप थांबवली. पुढचं ब्रीडासमोर ऐकणार. महिनाभर मला वेड्यात काढलंय तिने, तिलाही ऐकू दे.

त्याच दिवशी

तो मीच.

६ मे

परवा लिहवलं नाही.

टेबलावर टेप ठेवली, ब्रीडाला बसवलं आणि म्हणालो, "ऐक, तुझा चोर." तिसरं कडवं सुरू झालं. घरचं. मग मध्येच शिट्टी थांबली, लोखंडी फाटक धाडकन आपटल्याचा आवाज आला, आणि माझा स्वतःचा आवाज म्हणाला, "सरक गं पॉली, सरक पुढे, म्हातारे." मग शिट्टी पुन्हा जिथे सुटली होती तिथून पुढे.

पुढची गाय आत घेताना मी पायाने फाटक ढकलतो. शिट्टी वाजवतो हे मला खरंच माहीत नव्हतं. आणि ती पंपाची घरघर, एकच सूर धरून खालून चाललेली, ती तर रूअरीची सैल सोडलेली गिटार! ज्या गोंगाटाला मी महिनाभर शिव्या घातल्या तो माझ्याच गोठ्यातला होता. पंप, फाटक आणि मी.

ब्रीडा हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. "काखेत कळसा नि गावाला वळसा," एवढंच म्हणाली.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"लग्न झालं तेव्हापासून. अख्ख्या गावाला माहीत आहे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू थांबला असतास. आणि मग ती काय ऐकत बसली असती?" ती टेप काढून पुसायला लागली, उगाच. "एवढीशी होती तेव्हापासून भिंतीपलीकडे वासरांत बसून असायची, सेनन. मी कितीदा उचलून आणली. मला म्हणायची, बाबा मला शिकवतायत, पण तोंडाने सांगणार नाहीत, तशी त्यांची पद्धत आहे. तिला वाटायचं, तू तिला ते मुद्दाम देतोयस."

मी बाहेर जाऊन उगाच फाटकाच्या बिजागऱ्यांना तेल घातलं.

१२ मे

आता पहाटे ओठ मुडपून धरतो. लक्षात आल्यापासून शिट्टी येतच नाही. गाई अस्वस्थ आहेत, पॉली तर मागे वळून वळून बघते. ऊनाला फोन करावा असं ब्रीडाचं म्हणणं. फोन करून सांगू काय? मी दिलं नव्हतं ते नव्हतंच. झोपेत खिसा उलटा झाला म्हणून पैसे दान केले असं होत नाही. तिने ऐकलं ते एक वेळ ठीक, पण त्या दोघांच्या हवाली का केलं? तिच्या मनात काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

२५ मे

कळलं. सोसायटीच्या दारावर पत्रक लागलंय. एक जूनला एनिसच्या हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम. खाली चालींची नावं, आणि सगळ्यात शेवटी 'भरतीआधी'. मी घराबाहेर काढलं म्हणून आता ती चारचौघांत उधळणार. सूड आहे हा.

जॉन्जो माझ्या मागेच उभा होता. "तिकीट काढलं, सेनन. पहिल्या रांगेत. ते कडवं एकदा समोर बसून ऐकायचंय."

मीही जाणार. घरचं कडवं वाजलं की उठून उभा राहणार आणि सगळ्यांसमोर सांगणार, ही माझी मुलगी आहे आणि हे तिला कुणी दिलेलं नाही. ब्रीडाला हे सांगितलं. ती म्हणाली, "तुझा चांगला कोट इस्त्री करून ठेवते. पोरीचं नाक कापायला जाताना तरी माणसाने नीट दिसावं."

२ जून, रविवार

काल गेलो. हॉल भरलेला होता. अर्धी गर्दी काळ्या कपड्यांतली पोरं, अर्धी आमच्याकडची टोपीवाली मंडळी. ब्रीडाने माझ्या कानात कापसाचे बोळे घातले. मी कडेच्या खुर्चीवर बसलो, उठायला सोपं पडावं म्हणून.

ऊना रोडावली आहे. तिने काळा झगा घातला होता आणि पायांत कामाचे जाड बूट. ते लोक वाजवत गेले आणि पोरं उड्या मारत राहिली. माझं लक्ष कशातच नव्हतं. शेवटी ती माईकपाशी आली. "ही आमच्या घरची चाल आहे," ती म्हणाली. "माझ्या पणजोबांनी बांधली. माझ्या बाबांइतकी सुंदर ती कुणी वाजवत नाही." हे सगळं मला बांधून घालायला चाललंय, असं मी स्वतःला सांगितलं.

रूअरीने खालचा सूर धरला. पहिलं कडवं. दुसरं. मी खुर्चीचा हात धरून अर्धा उठलो. जॉन्जो पहिल्या रांगेत पुढे वाकला.

तिसरं कडवं आलं आणि तिने बाहेरचं वाजवलं.

मी तसाच अर्धवट उभा. वाटलं, घाबरली असेल. फिरून पहिलं, फिरून दुसरं, आणि पुन्हा बाहेरचंच. फट नाही, ठोका नाही. बेनी तिच्याकडे बघत गुपचूप ठेका धरून होता, म्हणजे हे त्यांचं आधी ठरलेलं होतं. आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. वासरांचा गोठा माझ्याच अंगणात आहे. ते घर होतं. घरचं कडवं तिने फक्त घरात वाजवलं होतं, आणि आता बाहेर ती बाहेरचं वाजवत होती. पबमध्ये मी एक वाजवतो आणि गोठ्यात दुसरं, यावरून तिने आमचा नियम आपणच ओळखला होता. कुणी सांगितला नव्हता. मी तिला चोर म्हटलं, घराबाहेर काढलं, तरी तिने तो मोडला नव्हता. अख्ख्या हॉलपासून ती ते कडवं राखत बसली होती, आणि ज्याच्यासाठी राखत होती तो तिला नावं ठेवायला कोट घालून आला होता.

लाज वाटली. आणि लाजेहून वाईट म्हणजे, ते भुरट्यांचं कडवं तिच्या बासरीवर मला ऐकवेना.

मी मधल्या वाटेने स्टेजकडे निघालो. मागून ब्रीडा "सेनन! सेनन!" करत होती. ऊनाने मला येताना पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. मी कशाला येतोय हे तिला आईने सांगितलेलं असणार. तरी वाजवायची थांबली नाही. तिसरं कडवं, परत बाहेरचं. मी मान हलवली. नाही, नाही. तिला वाटलं मी रागावलोय. मी ओरडलो, "ते नव्हे गं! घरचं! घरचं!" पण त्या आवाजात माझं मलाही ऐकू आलं नाही.

माझे वडील अनोळखी माणूस दिसला की वाजवताना खांदा वळवून बोटं झाकायचे. मीही आयुष्यभर तेच केलं. काल मी स्टेजला पोट टेकवून उभा राहिलो, बासरी धरल्यासारखे दोन्ही हात डोक्याच्या वर उचलले, आणि घरचं कडवं हवेत वाजवलं. एकेक बोट सगळ्यांना दिसेल असं. जॉन्जोलाही. शेजारच्या काळ्या कपड्यांतल्या पोरांना वाटलं, हा मेटलचाच काहीतरी हातवारा आहे. त्यांनीही हात वर करून बोटं नाचवायला सुरुवात केली.

ऊनाने बासरी ओठांवरून काढली. रूअरीची घरघर तेवढी चालू राहिली. ती माझ्या हातांकडे बघत होती आणि डोळे पुसायचंही तिला भान नव्हतं. मग ती बेनीकडे वळून काहीतरी म्हणाली.

पहिलं कडवं, दुसरं, आणि मग घरचं. फट आली, बेनीने ठोका हाणला आणि हॉलच्या फळ्या हादरल्या. इतकं सुंदर ते मी कधी वाजवलेलं नाही. माझ्या वडिलांनीही नाही. हे मी इथे लिहून ठेवतो.

नंतर मागच्या दारी त्यांची व्हॅन उभी होती. रूअरीने मला नमस्कार केला पण जवळ आला नाही, आणि त्यात त्याचं काही चूक नाही. मी बेनीची माफी मागितली. तो बुटांकडे बघत "असू दे, काका" म्हणाला. ऊना बासरीचे जोडलेले भाग सुटे करून पुसत होती. मी तिला म्हणालो, "ते कडवं तुझं आहे. आज देतोय. तोंडाने."

पुसता पुसता ती म्हणाली, "बाबा, दुसऱ्या ओळीत तुमचं डाव्या हाताचं बोट चुकलं."

"हवेत वाजवताना कोण बघतंय?"

"मी बघत होते ना."

मी तिथेच, व्हॅनला टेकून, हात पुन्हा तसे धरले आणि ती ओळ सावकाश वाजवून पाहिली. बरोबर होतं तिचं.